अपत्याचा ताबा आणि अपत्याचे हित : एका न्यायतत्त्वाचा इतिहास

पतिपत्नी विभक्त झाली म्हणजे घराची, दागिन्यांची आणि ठेवींची वाटणी करता येते; मुलाची करता येत नाही. आईबापांच्या कलहात न्यायालयापुढे येणाऱ्या सर्व प्रश्नांत अपत्याचा प्रश्न सर्वांत बिकट ठरतो, तो ह्याच कारणाने. मराठीत ह्या प्रश्नासाठी रूढ झालेला ‘ताबा’ हा शब्दही विचार करण्याजोगा आहे. शेताचा ताबा, घराचा ताबा, गहाण वस्तूचा ताबा आणि मुलाचा ताबा ह्या सर्वांस एकच शब्द पुरतो. ज्या काळी मूल ही बापाच्या अधिकारातील एक वस्तू मानली जात असे, त्या काळाची खूण ह्या शब्दात शिल्लक राहिली आहे.

आज ह्या विषयावरील कोणताही निकाल उघडून पाहिला, तर ‘अपत्याचे हित हाच सर्वश्रेष्ठ विचार होय’ असे विधान त्यात आढळते. हे विधान इतके परिचित झाले आहे, की ते जणू न्यायाइतकेच जुने असावे असा समज होतो. वस्तुतः कायद्याच्या शब्दांत त्यास श्रेष्ठत्व मिळाले ते इंग्लंडात १९२५ साली आणि भारतात, हिंदूंपुरते, १९५६ साली. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. हे तत्त्व आरंभापासून आईचे किंवा मुलाचे साह्यकारी होते असे नाही. बापाच्या अधिकाराविरुद्ध त्याचा उपयोग झाला, तसा आईविरुद्धही झाला. आणि ‘हित’ म्हणजे काय हे ठरविणाराच्या समजुतीप्रमाणे त्याचा अर्थ पालटत गेला. ह्या पालटाचा मागोवा इंग्लंड व भारत ह्या दोन देशांच्या कायद्यांतून घेणे हा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे. भारतीय कायद्याची घडण इंग्रजी न्यायविचाराच्या छायेत झाली असल्यामुळे हे दोन इतिहास परस्परांपासून वेगळे करता येत नाहीत.

१. पालकत्व आणि ताबा

विवेचनाच्या सोयीसाठी प्रथम दोन कल्पनांतील भेद स्पष्ट करणे अवश्य आहे. पालकत्व म्हणजे अज्ञान व्यक्तीच्या वतीने निर्णय करण्याचा अधिकार: तिची मालमत्ता सांभाळणे, तिचे शिक्षण, धर्म, निवास आणि विवाह ह्यांविषयी ठरविणे. ताबा म्हणजे मुलास प्रत्यक्ष आपल्याजवळ ठेवून त्याचे दैनंदिन संगोपन करणे. हे दोन्ही एकाच व्यक्तीकडे असू शकतात. परंतु असलेच पाहिजेत असे नाही. ताब्याच्या जोडीस भेटीचा हक्क ही तिसरी कल्पना पुढे आली. तिच्यामुळे ज्या पालकाजवळ मूल राहत नाही, त्यासही मुलाचा सहवास काही प्रमाणात लाभतो.

हा भेद मुसलमानी कायद्यात फार पूर्वीपासून स्पष्टपणे मांडलेला आहे. ‘हिजानत’ म्हणजे संगोपनाचा हक्क आईचा, आणि ‘विलायत’ म्हणजे पालकत्वाचा अधिकार बापाचा, अशी त्याची विभागणी आहे. हनफी पंथाप्रमाणे मुलगा सात वर्षांचा होईपर्यंत आणि मुलगी वयात येईपर्यंत ती आईजवळ राहतात. शिया पंथात ही मर्यादा मुलाच्या बाबतीत दोन वर्षे आणि मुलीच्या बाबतीत सात वर्षे मानली जाते. आईने मुलाशी निषिद्ध नाते नसलेल्या परक्या पुरुषाशी विवाह केल्यास तिचा हक्क संपुष्टात येतो. मर्यादा व अपवाद कितीही असले तरी, बाप विद्यमान असताना आईस स्वतंत्र हक्क असू शकतो ही गोष्ट येथे मान्य झाली होती.

हिंदू धर्मशास्त्रात हा प्रश्न वेगळ्या बाजूने आला आहे. पोरक्या बालकाचे वारशाने आलेले धन, ते गुरुगृहाहून परत येईपर्यंत अथवा त्याचे बाल्य संपेपर्यंत, राजाने रक्षावे असे मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात सांगितले आहे. शास्त्रकारांचे लक्ष मुख्यतः मालमत्तेकडे होते. संस्काराने झालेला विवाह अविच्छेद्य मानल्यामुळे विभक्त आईबापांमधील वादास तेथे फारसे स्थान नव्हते. लोकव्यवहार मात्र शास्त्राहून व्यापक होता. दक्षिणेतील अनेक जातींत काडीमोड आणि पाट ह्या चाली रूढ होत्या. आर्थर स्टील ह्याने मुंबई सरकारसाठी दख्खनच्या जातींच्या रूढींचे जे संकलन केले आणि जे १८२७ साली प्रसिद्ध झाले, त्यात अशा चालींची नोंद आहे. तथापि पुढे इंग्रजी अमदानीत न्यायालये उभी राहिली, तेव्हा मुलाच्या ताब्याविषयीचा मुख्य विचार ह्या रूढींतून आला नाही. तो इंग्लंडातून आला. म्हणून प्रथम तिकडे वळणे प्राप्त आहे.

२. बापाचा अधिकार आणि त्याला पडलेली पहिली चीर

इंग्लंडच्या सामान्य कायद्यात औरस अपत्यावर बापाचाच अधिकार होता. १६६० च्या एका कायद्याने बापास मृत्युपत्राने अथवा लेखाने मुलांसाठी पालक नेमून ठेवण्याची मुभा दिली. परिणामी बाप मेल्यावरही आई हयात असताना मुले परक्याच्या हाती जाऊ शकत. अठराव्या शतकातील थोर भाष्यकार ब्लॅकस्टन ह्याने तर आईच्या वाट्यास आदर येतो, अधिकार येत नाही, अशा आशयाचा निर्वाळा देऊन ठेवला होता.

ह्या नियमाची कठोरता १८०४ च्या द मॅनेव्हिल खटल्यात दिसून आली. पतीपासून दूर राहणाऱ्या आईच्या अंगावर पिणारे आठ महिन्यांचे मूल बापाने बळाने उचलून नेले. किंग्ज बेंच न्यायालयाने बापास ते परत करण्याचा आदेश देण्यास नकार दिला. चॅन्सरी न्यायालयात लॉर्ड एल्डन ह्यानेही आईस मूल दिले नाही. बापाने ते देशाबाहेर नेऊ नये एवढाच निर्बंध घातला.

त्याच लॉर्ड एल्डनने १८१७ मध्ये कवी शेली ह्याच्या बाबतीत मात्र बापाचा अधिकार डावलला. शेलीची पहिली पत्नी हॅरिएट १८१६ च्या डिसेंबरमध्ये मृत्यू पावली होती. तिच्या पित्याने दोन लहान मुलांना शेलीच्या स्वाधीन करण्यास विरोध केला. शेलीचा निरीश्वरवाद, त्याची विवाहविषयक मते आणि त्या मतांस अनुसरून असलेले त्याचे वर्तन पाहता मुले त्याच्या हाती देणे योग्य नाही, असे न्यायालयाने ठरविले. हे दोन निकाल शेजारी ठेवले म्हणजे त्या काळच्या न्यायविचाराचे स्वरूप उघड होते. तान्ह्या मुलास आईपासून तोडणे हे न्यायालय हस्तक्षेप करील इतके अहितकारक वाटत नव्हते. बापाचा निरीश्वरवाद वाटत होता. राजा हा सर्व बालकांचा अंतिम पालक, ह्या भूमिकेतून चॅन्सरीकडे हस्तक्षेपाचा अधिकार होताच. परंतु त्याचा वापर मुख्यतः बापाची मते व आचरण ह्यांच्या परीक्षेसाठी होत असे.

आईच्या बाजूने पहिला कायदा झाला तो कॅरोलाइन नॉर्टन ह्या लेखिकेच्या प्रयत्नांमुळे. नाटककार शेरिडनची ही नात १८२७ मध्ये जॉर्ज नॉर्टनशी विवाहबद्ध झाली. १८३६ साली पतिपत्नींत बेबनाव होऊन पतीने तिचे तिन्ही मुलगे तिच्यापासून दूर ठेवले. त्याच वर्षी त्याने पंतप्रधान लॉर्ड मेलबर्न ह्याजवर आपल्या पत्नीशी व्यभिचार केल्याचा दावा लावला. ज्यूरीने तो फेटाळला. तरीही मुले आईस मिळाली नाहीत, कारण तिच्या निर्दोषतेचा त्या हक्काशी कायद्याने काहीच संबंध नव्हता. तिने पत्रके लिहून हा अन्याय लोकांपुढे मांडला. त्यांतील एक तिने पुरुषाचे टोपणनाव घेऊन लिहिले, कारण स्त्रीच्या कायदेविषयक युक्तिवादाकडे कोणी लक्ष देणार नाही हे ती जाणून होती. संसदसदस्य टॅलफर्ड ह्याने मांडलेले विधेयक १८३८ मध्ये लॉर्डांच्या सभागृहात नामंजूर झाले आणि १८३९ मध्ये संमत झाले.

ह्या कायद्याने आईस दिले ते थोडकेच होते. सात वर्षांखालील मुलाचा ताबा आणि त्याहून मोठ्या मुलांची भेट मिळावी म्हणून तिला चॅन्सरीकडे अर्ज करता येऊ लागला. देणे न देणे न्यायाधीशाच्या मर्जीवर होते, आणि जिच्यावर व्यभिचार सिद्ध झाला असेल तिला अर्जाचीही मुभा नव्हती. शिवाय हा कायदा स्कॉटलंडला लागू नव्हता, आणि नॉर्टनने मुले तिकडेच नेली होती. १८४२ मध्ये धाकटा मुलगा घोड्यावरून पडून झालेल्या जखमेने मरण पावला. आई पोहोचण्यापूर्वीच त्याचे प्राण गेले होते. जिच्या लेखणीने कायदा झाला, तिलाच त्याचा लाभ मिळाला नाही. तरीही बापाचा अधिकार हा निसर्गसिद्ध व अभेद्य आहे ही कल्पना १८३९ पासून उरली नाही, हे ह्या कायद्याचे महत्त्व होय.

३. १८७८ : हिताच्या नावाने

१८५७ च्या विवाहविषयक कायद्याने घटस्फोटाच्या नव्या न्यायालयास मुलांविषयी आदेश देण्याचा अधिकार मिळाला. १८७३ च्या कायद्याने वयाची मर्यादा सोळा वर्षांपर्यंत वाढविली आणि व्यभिचाराची अट काढून टाकली. आता आईची बाजू बळकट झाली असे वाटावे, त्याच सुमारास ॲनी बेझंट ह्यांचा खटला उभा राहिला.

धर्मोपदेशक असलेल्या पतीपासून त्या १८७३ मध्ये विभक्त झाल्या. विभक्तीच्या लेखात मुलगा बापाकडे आणि मुलगी मेबल आईकडे राहावी असे ठरले होते. पुढे बेझंट निरीश्वरवादी विचारांच्या प्रचारक बनल्या, आणि १८७७ मध्ये चार्ल्स ब्रॅडलॉ ह्यांच्यासह संततिनियमनावरील नोल्टन ह्याची पुस्तिका प्रसिद्ध केल्याबद्दल त्यांच्यावर खटला झाला. ह्याचा आधार घेऊन पतीने १८७८ मध्ये मेबलचा ताबा मागितला. न्यायाधीश सर जॉर्ज जेसेल ह्यांनी आईचे प्रेम अथवा तिने घेतलेली काळजी नाकारली नाही. परंतु आईची मते व तिचे कृत्य ह्यांमुळे मुलीचे धर्मशिक्षण होणार नाही आणि सभ्य समाज तिला दूर ठेवील, म्हणून मुलीच्याच हितासाठी तिला आईपासून काढणे अवश्य आहे, असा निर्णय त्यांनी दिला. १८७९ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो कायम केला. आठ वर्षांच्याही आतल्या त्या मुलीस बापाच्या घरी जावे लागले. मोठी झाल्यावर मात्र दोन्ही मुले आपण होऊन आईकडे परतली.

ह्या निकालाचे वैशिष्ट्य असे, की येथे बापाच्या अधिकाराचा उच्चार पुरेसा वाटला नाही. मुलीच्या हिताचा आधार घ्यावा लागला. तत्त्वाची भाषा बदलली होती, फळ बदलले नव्हते. मुलीस काय हवे, कोठे ती सुखी होती, अचानक वियोगाने तिच्या मनावर काय परिणाम होईल, ह्या प्रश्नांचा ‘हित’ ह्या शब्दात समावेश झाला नव्हता. त्या शब्दात समाजाची प्रतिष्ठा आणि धर्माचा आचार एवढेच भरले होते.

पुढील वाटचाल मंद होती. १८८३ मध्ये ॲगर-एलिस प्रकरणात सोळा वर्षांच्या मुलीसही आईस मोकळेपणाने भेटू देण्याची सक्ती न्यायालयाने बापावर केली नाही. १८८६ च्या कायद्याने बापाच्या मृत्यूनंतर आईस पालकत्व दिले आणि न्यायालयाने मुलाचे हित, आईबापांचे वर्तन व दोघांच्याही इच्छा विचारात घ्याव्या असे सांगितले. १९२५ मध्ये मुलाचे हित हा प्रथम आणि सर्वश्रेष्ठ विचार ठरला. न्यायालयाबाहेर, रोजच्या जीवनात, आईस बापाच्या बरोबरीचे अधिकार मात्र १९७३ च्या कायद्यानेच मिळाले. नॉर्टनच्या पहिल्या पत्रकांपासून हे अंतर जवळजवळ १३६ वर्षांचे भरते.

४. भारतातील घडण

मुंबई इलाख्यात ताब्याचा प्रश्न प्रथम गाजला तो धर्मांतराच्या संदर्भात. १८४३ मध्ये नारायण शेषाद्री ह्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यावर त्यांचा बारा वर्षांच्या सुमाराचा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी होता. बापाच्या अर्जावरून मुंबईच्या तत्कालीन सुप्रीम कोर्टाने मुलगा अल्पवयी असल्याने त्यास बापाच्या स्वाधीन केले. त्यास पुन्हा जातीत घेण्यासाठी बाळशास्त्री जांभेकरांनी केलेले प्रयत्न महाराष्ट्राच्या प्रबोधनाच्या इतिहासात प्रसिद्धच आहेत. बापाच्या अधिकाराचे इंग्रजी तत्त्व अशा रीतीने मुंबईत स्थिरावले. त्या प्रसंगी हिंदू समाजास ते इष्टच वाटले, हेही ध्यानात घेतले पाहिजे.

स्त्रियांच्या दृष्टीने ह्या तत्त्वाची दुसरी बाजू १८५६ च्या विधवाविवाहाच्या कायद्यात दिसते. ह्या कायद्याने विधवेस पुनर्विवाहाची मोकळीक दिली. परंतु त्याच्या तिसऱ्या कलमाने अशीही तरतूद केली, की मृत पतीने मृत्युपत्राने विधवेस अथवा अन्य कोणास पालक नेमले नसेल, तर तिचा पुनर्विवाह झाल्यावर पतीच्या आईबापांस, आजाआजीस किंवा पुरुष नातलगांस मुलांसाठी वेगळा पालक नेमण्याचा अर्ज करता यावा. सुधारणेच्या त्या थोर कायद्यातही नव्या संसाराची किंमत म्हणून पहिली मुले गमावण्याचा धोका विधवेच्या माथी राहिला.

निरनिराळ्या प्रांतांतील कायदे, त्यांत मुंबईचा १८६४ चा अज्ञानांविषयीचा कायदा, एकत्र करून १८९० मध्ये पालक व पाल्य अधिनियम करण्यात आला. हा अधिनियम सर्व धर्मीयांस लागू असून आजही प्रचारात आहे. त्याच्या सतराव्या कलमात अज्ञानाचे हित, वय, लिंग, धर्म आणि नियोजित पालकाची योग्यता ह्यांचा विचार करण्यास सांगितले आहे. मूल समंजस वयाचे असल्यास त्याची इच्छाही न्यायालयास विचारात घेता येते. परंतु एकोणिसाव्या कलमाने ह्या सर्वांस मर्यादा घातली. बाप हयात असून तो अपात्र नसेल, तर त्याच्या मुलासाठी दुसरा पालक नेमता येणार नाही, असे त्यात म्हटले होते. एकाच अधिनियमात हिताचे तत्त्व आणि बापाचा अधिकार असे शेजारी शेजारी बसविले गेले, आणि पुढील शंभर वर्षांच्या वादाचे बीज तेथेच पडले.

गोमंतकाची परिस्थिती वेगळी होती. तेथे १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबतींत ती चालू राहिली. तिच्यात अपत्यावरील सत्तेत आईसही भागीदार मानले आहे. तथापि विवाह टिकून असताना ती सत्ता चालविण्याचे काम विशेषेकरून बापाकडे सोपविले आहे. हक्क दोघांचा आणि अंमल एकाचा, असे त्या संहितेचे रूप होते.

५. १९१४ : बेझंट पुन्हा न्यायालयात

योगायोग असा, की १८९० च्या अधिनियमाच्या इतिहासातील एका मूलभूत निकालात पुन्हा ॲनी बेझंट ह्यांचेच नाव येते. मात्र ह्या वेळी त्या वादाच्या दुसऱ्या बाजूस होत्या. १८९३ मध्ये भारतात आलेल्या बेझंट थिऑसॉफिकल सोसायटीच्या अध्यक्षा झाल्या. मद्रासजवळच्या अड्यार येथे राहणाऱ्या नारायणय्या ह्या विधुर गृहस्थांनी १९१० मध्ये लेख करून आपल्या कृष्णमूर्ती व नित्यानंद ह्या दोन मुलांचे पालकत्व त्यांच्याकडे सोपविले. पुढे बापाचे मन पालटले. मुले शिक्षणासाठी इंग्लंडात असताना त्याने १९१२ मध्ये ताब्याचा दावा केला. मद्रास उच्च न्यायालयाने १९१३ मध्ये बापाच्या बाजूने निर्णय दिला. प्रिव्ही कौन्सिलने मे १९१४ मध्ये तो फिरविला.

हा वाद विभक्त पतिपत्नींतील नव्हता. परंतु त्यात सांगितलेली तत्त्वे पुढे अशा वादांत वारंवार आधारास घेतली गेली. बाप हा मुलांचा नैसर्गिक पालक खरा, परंतु पालकत्व हा एक पवित्र विश्वास आहे. तो त्यास कायमचा दुसऱ्यास देऊन टाकता येत नाही. संगोपन व शिक्षण दुसऱ्याकडे सोपविल्यावर ते परत मागता येते. परंतु तसे करताना मुलांचे हित पाहावे लागते. मुले जेथे सामान्यतः राहतात, तेथल्याच न्यायालयास १८९० च्या अधिनियमान्वये त्यांचा विचार करता येतो. शिवाय ह्या मुलांच्या वतीने त्यांची बाजू न्यायालयापुढे मांडली गेली नव्हती, ह्या उणिवेकडेही प्रिव्ही कौन्सिलने लक्ष वेधले. ‘हक्क’ ह्या शब्दाच्या जागी ‘विश्वास’ हा शब्द आला, ही ह्या निकालाची खरी देणगी. हक्क धारण करणाऱ्याच्या सोयीसाठी असतो. विश्वास ज्याच्यासाठी ठेवलेला असतो, त्याच्या कल्याणासाठी पाळावयाचा असतो.

१८७८ मध्ये बेझंट ह्यांनी हिताच्या नावाने मुलगी गमावली. १९१४ मध्ये हिताच्याच नावाने दोन मुलांना परत पाठविण्याची सक्ती टळली. छत्तीस वर्षांत शब्द तोच राहिला, पण त्यात मुलांचे चालू असलेले जीवन, त्यांचे शिक्षण आणि त्यांची स्वतःची बाजू ह्यांचा शिरकाव झाला होता.

६. ‘त्याच्यानंतर’ ह्या शब्दाचा अर्थ

मुंबई उच्च न्यायालयाच्या १९४१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका निकालाने हा विचार विभक्त पतिपत्नींच्या बाबतीत स्पष्ट केला. बापाचे हित किंवा आईचे हित ह्यांचा येथे प्रश्न नसून केवळ अज्ञानाचे हित पाहावयाचे आहे, आणि कोवळ्या वयाच्या मुलास आईची जागा दुसरे कोणी भरून काढू शकत नाही, असा त्याचा आशय होता. बाप अपात्र नसतानाही मूल आईजवळ राहू शकते, हे त्यातून निष्पन्न झाले. पालकत्व बापाकडे राहून ताबा आईकडे जाणे हिंदू कुटुंबांतही शक्य झाले.

दरम्यान विवाहविच्छेदाची वाट खुली होत होती. बडोदे संस्थानाने १९३१ मध्ये आणि मुंबई प्रांताने १९४७ मध्ये हिंदूंसाठी घटस्फोटाचे कायदे केले. डॉ. आंबेडकरांनी पुढे नेलेले हिंदू संहितेचे विधेयक १९५१ मध्ये रखडले आणि पुढे खंडशः संमत झाले. १९५५ च्या हिंदू विवाह अधिनियमाच्या सव्विसाव्या कलमाने दाव्याच्या काळात व निकालानंतरही मुलांचा ताबा, निर्वाह आणि शिक्षण ह्यांविषयी आदेश देण्याचा व ते वेळोवेळी बदलण्याचा अधिकार न्यायालयास दिला. ताब्याचा आदेश कधीच अंतिम नसतो, मुलाची वाढ व परिस्थिती ह्यांबरोबर तो पालटू शकतो, ही महत्त्वाची गोष्ट त्यातून मान्य झाली.

१९५६ च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियमाने तेराव्या कलमात अज्ञानाचे हित सर्वश्रेष्ठ ठरविले. पण सहाव्या कलमात नैसर्गिक पालक म्हणून ‘पिता, आणि त्याच्यानंतर माता’ असा क्रम लावला. पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असावा, एवढा अपवाद त्यास जोडला. ह्याचा परिणाम असा झाला, की मुलास न्हाऊमाखू घालणे, त्याच्या आजारात जागणे हे आईचे. शाळेच्या व बँकेच्या कागदांवर सही बापाची. संगोपनाचा भार आणि निर्णयाचा अधिकार ह्यांची फारकत कायद्यानेच पक्की केली. आईच्या पदरी दोहोंपैकी भार आधी पडला आणि अधिकार फार उशिरा आला, हे ह्या इतिहासातील सर्वत्र आढळणारे सूत्र होय.

‘त्याच्यानंतर’ म्हणजे त्याच्या मृत्यूनंतरच काय, हा प्रश्न विदर्भातील एका शेतजमिनीच्या वादातून १९७० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आला. आईबाप वीसहून अधिक वर्षे विभक्त होते, आणि मुलीची जमीन आईच सांभाळीत होती. बाप जिवंत असूनही मुलीच्या जीवनात त्याचे अस्तित्व नव्हते. म्हणून आईच नैसर्गिक पालक होय, असा निर्णय न्यायालयाने दिला. १९७३ मध्ये त्याच न्यायालयाने मुले ही आईबापांची मालमत्ता अथवा खेळणी नव्हेत, ह्या आशयाचे विचार मांडून पालकांच्या अधिकाराचे पूर्वीचे स्वरूप बदलल्याचे नमूद केले.

शेवटी १९९९ मध्ये हा प्रश्न समग्रपणे सुटला. लेखिका गीता हरिहरन ह्यांनी आपल्या अज्ञान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घेण्यासाठी १९८४ मध्ये अर्ज केला असता बापाची सही मागण्यात आली होती. त्यांच्या याचिकेबरोबर विवाहविच्छेदाच्या दाव्यातून उद्भवलेली दुसरी याचिकाही ऐकण्यात आली. सहावे कलम राज्यघटनेतील समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरू नये म्हणून ‘त्याच्यानंतर’ ह्याचा अर्थ ‘त्याच्या अनुपस्थितीत’ असा घ्यावा, आणि बाप दूर असणे, उदासीन असणे, असमर्थ असणे किंवा उभयतांनी तसे ठरविणे ह्या सर्वांचा अनुपस्थितीत समावेश करावा, असे न्यायालयाने सांगितले. २०१० मध्ये १८९० च्या अधिनियमाच्या एकोणिसाव्या कलमात बापाच्या जोडीस आईचा उल्लेख घालण्यात आला. सहाव्या कलमाचा क्रम मात्र शब्दशः तसाच राहिला. समतेचे काम अर्थ लावण्यातून झाले. कायद्याच्या पाठात ते झाले नाही. भारतीय विधि आयोगाने १९८९ आणि २०१५ च्या अहवालांत ह्या विषमतेकडे लक्ष वेधले, आणि २०१५ मध्ये संयुक्त ताब्याचीही शिफारस केली.

७. उपसंहार

१९८४ च्या कौटुंबिक न्यायालय अधिनियमानंतर हे वाद सामान्य दिवाणी न्यायालयांतून वेगळे झाले. महाराष्ट्रात पुणे व मुंबई येथे अशी न्यायालये १९८९ मध्ये सुरू झाली. तेथे समुपदेशकाची मदत घेण्यात येते. न्यायाधीश मुलाशी स्वतंत्रपणे बोलू शकतात. आठवड्याच्या सुट्ट्या, दिवाळी आणि उन्हाळ्याची सुटी आईबापांत वाटून दिली जाते. इंग्लंडने तर १९८९ च्या कायद्यात ‘ताबा’ हा शब्दच सोडून ‘पालकांची जबाबदारी’ ही कल्पना स्वीकारली. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या बाबतीत प्रश्नास आणखी एक पदर आला आहे. एका पालकाने मूल भारतात आणल्यास काय करावे, ह्याविषयी १९८० चा हेगचा आंतरराष्ट्रीय करार आहे. भारत त्यात सामील झालेला नाही. परकीय न्यायालयाचा आदेश हा विचारात घेण्याचा एक मुद्दा असून मुलाचे हितच निर्णायक होय, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये घेतली.

एकंदर इतिहासावरून तीन गोष्टी स्पष्ट होतात. बापाचा अधिकार ढळला तो एका आघाताने नव्हे. संगोपन, भेट, पालकत्व असे त्याचे एकेक अंग सुटे होत गेले. मुलाचे हित हे तत्त्व ह्या बदलाचे साधन ठरले, परंतु ते स्वयंसिद्ध नव्हते; १८१७ आणि १८७८ मध्ये ते पालकांच्या मतांना शिक्षा करण्याचे हत्यार बनले होते. आणि ज्याच्या नावाने हे सर्व चालते, त्या मुलाचा आवाज सर्वांत शेवटी ऐकू आला. १८९० च्या अधिनियमाने मुलाची इच्छा विचारात घेण्याची मुभा न्यायालयास दिली. बंधन घातले नाही. १९१४ मध्ये मुलांची बाजू मांडली गेली नाही ही जी उणीव दाखविण्यात आली, ती दूर करण्याचे काम अद्याप पुरते झालेले नाही. ‘हित’ ह्या शब्दात कोणत्याही काळी प्रौढांच्याच समजुती भरल्या जाण्याचा धोका असतो. त्या समजुती तपासून पाहण्याचे सर्वांत जवळचे साधन म्हणजे त्या मुलाचेच म्हणणे होय. आणि त्यास कायद्याने किती वजन द्यावे, ह्यावरच ह्या तत्त्वाचा पुढील इतिहास अवलंबून राहील.